२५० युनिटच्या घराला सोलर परवडतं का? आधी लाईट बिल काढा

घरावर सोलर बसवावं का असं विचारणाऱ्या भाऊंनी माहिती नीट दिलीये त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातंय. जळगावात स्वतःचं घर, वर स्लॅब मोकळा, महिन्याचा वापर २५० युनिटच्या आसपास, मार्च ते जून एसी चालतो तेव्हा ४०० पर्यंत जातो. ३ किलोवॅटची दोन कोटेशनं आलीत, एक २ लाख १० हजारांचं, दुसरं १ लाख ६० हजारांचं. पगार बेताचा, एवढी रक्कम हाताशी नाही, तर कर्ज काढून बसवावं का, की भाव उतरेपर्यंत थांबावं, आणि मुळात हे साध्या माणसाला परवडतं का.

मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो, हल्ली त्यात घरगुती सोलरच जास्त असतं, त्यामुळे हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतंच. माझ्या मते तुमची गाडी कर्जापाशी अडलेलीच नाही. ती अडलीये ३ किलोवॅटपाशी. हा आकडा तुमच्या डोक्यात आला कुठून? बहुतेक सबसिडीतून आला असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, त्यात पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात, म्हणजे १ ला ३०, २ ला ६० आणि ३ किंवा त्याच्यावर कितीही बसवलं तरी ७८ हजार. ते ७८ हजार सगळीकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात, त्यामुळे गिऱ्हाईकाला वाटतं की पूर्ण सबसिडी सोडायची कशाला, आणि एजंटलाही मोठं काम मिळालं तर हवंच असतं. पण तिसऱ्या किलोवॅटला सरकार १८ हजार देणार आणि उरलेले तुम्ही खिशातून घालणार, तर त्या पैशाचं तुम्हाला परत काय मिळणार हे कोणी सांगत नाही.

ते कळायला लाईट बिल हातात घ्या आणि मागच्या पानावरचा दराचा तक्ता बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) धरून पहिल्या १०० युनिटला साधारण ६ रुपये, १०१ ते ३०० ला ११ च्या आसपास, ३०० च्या वर गेलं की १४ च्या पुढे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर मधूनमधून बदलत राहतात, तुमच्या ताज्या बिलावरचे धरा, पण चढण अशीच असते. आता सोलरची वीज तुमच्या वापरातून वजा होते ती वरून, म्हणजे आधी महागडे युनिट जातात आणि स्वस्तातले सगळ्यात शेवटी. अख्खं गणित इथेच आहे.

आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आत-बाहेर देतं, महिन्याला ११५ धरू. तुमच्या २५० च्या महिन्यात पहिल्या किलोवॅटचे ११५ युनिट सगळेच्या सगळे ११ रुपयेवाले कापतात, शुल्क धरून साडेचौदाशे वाचले. दुसऱ्या किलोवॅटला ११ वाले ३५ च युनिट उरलेले असतात, बाकीचे ८० हे ६ रुपयेवाले, म्हणून त्याचे वाचतात हजारच्या आसपास. आणि तिसरा आला की त्याच्या वाट्याला कापायला उरतात फक्त २० युनिट, दीडशे रुपयेसुद्धा होत नाहीत. पॅनेल तेच, ऊन तेच, पण कमाई साडेचौदाशे, हजार आणि दीडशे.

उन्हाळ्यातल्या ४०० युनिटला चित्र थोडं वेगळं आहे. तेव्हा बिल पाच हजारांवर जातं, पहिला किलोवॅट अठराशे वाचवतो, दुसरा साडेचौदाशे आणि तिसराही बाराशेच्या घरात जातो. वर्षाची बेरीज मारली आणि पावसाळ्याची घट काढली तर पहिले २ किलोवॅट मिळून तुमचे तीस हजारांच्या आसपास वाचवतील आणि तिसरा एकटा सहा-साडेसहा हजार.

आता खर्च. आमच्याकडे चांगल्या मालात २ किलोवॅटचे सव्वा ते एक लाख चाळीस जातात, सबसिडी वजा जाता ७०-७५ हजार पडतात. ते अडीच-तीन वर्षांत वसूल. त्याच्यावर तिसरा किलोवॅट चढवायला ५०-५५ हजार जास्त लागतात, त्यातले १८ हजार परत येतात, म्हणजे तुमचे ३५ हजार, आणि ते फिटायला पाच-सहा वर्षं. पॅनेल २५ वर्षं चालतात त्यामुळे तिसरा किलोवॅट वाईट सौदा आहे असं मी म्हणणार नाही, पण पैसे मोजून-मापून आहेत तर आधी २ बसवा. फक्त सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ३ चा घालून ठेवा आणि स्ट्रक्चरला, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्याला, दोन पॅनेलची जागा ठेवा, फरक थोडक्यात पडतो आणि पुढे दुसरा एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर आली की नुसती पॅनेल वाढवायची. सबसिडी पॅनेल आणि इन्व्हर्टर यातल्या कमी आकड्यावर धरतात, त्यामुळे ३ चा इन्व्हर्टर घातला म्हणून लगेच ७८ हजार मिळणार नाहीत हे आधीच डोक्यात ठेवा. उलट एसी दोन होणार हे घरात ठरलेलंच असेल तर सरळ ३ घ्या, मग माझं वरचं गणित तुम्हाला लागू नाही.

इथे लोक म्हणतात की जास्तीची वीज जमा होते ना, हिवाळ्यातली साठेल आणि उन्हाळ्यात वापरू. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही महावितरणला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करायच्या पद्धतीत, जमा होते हे खरं आहे, या महिन्याचे उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात. पण खातं ३१ मार्चला बंद होतं. आपल्या वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमात आर्थिक वर्षाअखेर उरलेले युनिट महावितरण ठराविक दराने विकत घेतं, जो तुम्ही भरता त्या दरापेक्षा खूपच कमी असतो, आणि १ एप्रिलला शिल्लक परत शून्यावर येते. म्हणजे हिवाळ्यात तुम्ही जे साठवलं त्यातलं मार्चच्या एसीतून जे उरेल ते नेमकं एप्रिल-मेच्या तोंडावर पुसलं जातं. खानदेशात तर हे फारच जाणवतं कारण तुमचा एसी त्यानंतरही जूनपर्यंत चालूच असतो. त्यामुळे साठवणुकीच्या भरवशावर मोठी सिस्टीम घेऊ नका.

जाता जाता जळगावच्या उन्हाबद्दल. ४५ डिग्रीला पॅनेल धो धो वीज देत असेल असं वाटतं, तसं होत नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण पाव ते अर्ध्या टक्क्याच्या मधे उत्पादन घटतं, आणि मे महिन्यात दुपारी पॅनेलचं स्वतःचं तापमान ६५ च्या पुढे सहज जातं. तेव्हा मे मध्ये अ‍ॅपवर आकडा मनासारखा दिसला नाही म्हणून लगेच बसवणाऱ्याला फोन लावू नका, आणि खालून हवा खेळेल एवढी उंची मात्र स्ट्रक्चरला ठेवून घ्या.

आता तुमची दोन कोटेशनं. ५० हजारांचा फरक आहे म्हणजे कोणीतरी लुटतोय असं लगेच समजू नका, दोघं बहुतेक वेगवेगळ्या वस्तूचा भाव सांगतायत. एक लाख साठवाल्याला पहिलं विचारा की पॅनेल किती वॅटचे आणि किती. ५४० वॅटचे ५ पॅनेल लावले तर २७०० वॅट होतात, ३ किलोवॅट नाही, ३ साठी ६ लागतात. असं पाच पॅनेलचं ३ किलोवॅट मी कोटेशनांमध्ये कितीतरी वेळा बघितलंय. दुसरं, पॅनेल डीसीआर आहेत का. डीसीआर म्हणजे पॅनेलमधले सेलसुद्धा (वीज तयार करणाऱ्या चकत्या) भारतात बनलेले. सबसिडी फक्त त्यालाच आहे. आयात सेलचं पॅनेल बरंच स्वस्त पडतं, चालायला काहीच वाईट नसतं, पण ते लावलं तर सबसिडीचे पैसे विसरा. ‘दिसायला सेम आहे साहेब, चालून जातं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर सिरीयल नंबर असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. माल उतरला त्याच दिवशी सगळ्या पॅनेलच्या मागचे फोटो काढून ठेवा, एकदा स्ट्रक्चरवर चढल्यावर तिथे मोबाईल पोचत नाही.

तिसरं स्ट्रक्चर, आणि खरी काटछाट इथेच होते. काळा पाईप आणून त्याला चंदेरी रंग मारला की नवीन असताना गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाईपासारखाच दिसतो. दोन पावसाळे गेले की वेल्डिंगच्या जोडांवर तांबूस ओघळ दिसायला लागतात आणि तेच पाणी खाली स्लॅबवर उतरतं. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि जोड वेल्डिंगचे नको, नटबोल्टचे मागा. शिवाय उंची किती ते विचारा. पॅनेल स्लॅबपासून दोन-तीन फुटांवर असेल तर स्वस्त, खाली माणूस उभा राहील अशी सात-आठ फुटांची मांडणी केली तर लोखंड भरपूर जातं. दोन लाख दहावाला कदाचित उंच स्ट्रक्चर देतोय म्हणून महाग असेल. गच्चीवर पापड-कुरडया वाळवायला, उन्हाळ्यात झोपायला जागा हवी असेल तर उंच घ्या, नाहीतर ते १५-२० हजार वाचतात.

अर्थिंगच्या पट्ट्या, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत सोडणारा), डीसी वायर (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची) कोणत्या कंपनीची, नेट मीटरची कागदपत्रं कोण करणार, हे सगळं लिहिलेलं असू द्या. तीन वेगळी अर्थिंग लागतात, पॅनेलकडच्या डीसी विजेचं, घराकडच्या एसी विजेचं (एअर कंडिशनर नव्हे) आणि अरेस्टरचं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून देणारे आहेत, खड्डे करताना स्वतः उभे रहा. जीएसटी धरून भाव आहे का ते विचारा, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, बसवण्याच्या कामासकट मिळून तो ८.९ टक्के पडतो, कोटेशन जुन्या हिशोबाचं असेल तर नवीन मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांगितलेला भाव सबसिडी वजा करून आहे की त्याच्या आधीचा? सबसिडी बसवणाऱ्याला मिळत नाही, काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर ती ग्राहकाच्या खात्यात येते. ‘सबसिडीचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा’ हे वाक्य ऐकलं की तिथून उठा.

कर्जाबद्दल. या योजनेत ३ किलोवॅटपर्यंत काही तारण न ठेवता सरकारी बँका २ लाखांपर्यंत देतात, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेलं, सध्या ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बहुतेक होम लोनपेक्षाही स्वस्त. १० टक्के तुम्ही घालायचे. सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरून कर्जाचा अर्ज जातो. २ किलोवॅटसाठी समजा १ लाख २० हजार कर्ज घेतलं आणि सबसिडीचे ६० हजार आले की ते लगेच कर्जातच भरले, तर उरलेल्या ६० हजारांचा तीन वर्षांचा हप्ता साडेअठराशेच्या आसपास बसतो. बिल वाचतंय महिन्याला सरासरी अडीच हजार. म्हणजे पहिल्या महिन्यापासून खिशातून जास्तीचं काही जात नाही आणि तीन वर्षांनी हप्ताही बंद. बँकेने फिरवाफिरवी केली आणि पतसंस्थेकडून १३ टक्क्यांनी घ्यावं लागलं तरी हप्ता दोन हजारांच्या जरा वर जातो, तरीही जमतं. सबसिडी आली की मोटरसायकलचं डाउन पेमेंट केलं असं मात्र करू नका, बरेच जण तेच करतात आणि मग हप्ता जड जातो म्हणून सोलरला शिव्या देतात.

थांबायचं का? पॅनेल गेल्या काही वर्षांत स्वस्त झाले हे खरं, पण सबसिडीत लागणारे देशी सेलचे पॅनेल तेवढे झपाट्याने उतरत नाहीत, आणि योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. भाव उतरून उतरून पाच-दहा हजार उतरतील आणि तोपर्यंत वर्षाचे तीस हजार बिलात गेलेले असतील.

हे सगळं तुमच्या २५०-४०० च्या घरासाठी झालं. वाचणाऱ्यांमध्ये ज्यांचा वापर १०० युनिटच्या आतच आहे त्यांना बिलच आठशे-साडेआठशे येतं, सगळे युनिट स्वस्तातले, त्यांनी केंद्राच्या सबसिडीवर सोलर घालायची घाई करू नये. त्यांच्यासाठी राज्याची वेगळी स्मार्ट योजना २०२५ मध्ये आलीये, १ किलोवॅटचा खर्च ५० हजार धरून केंद्राचे ३० हजार आणि वरून राज्याचे, दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीला १५ हजार, बाकीच्या आर्थिक दुर्बलांना १० हजार. अडीच ते दहा हजारांत काम होत असेल तर जरूर करा. फ्लॅटवाल्यांचं वेगळं आहे, गच्ची सगळ्यांची, पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, मेंटेनन्स तेवढा कमी होतो, बाकी सभेत सगळ्यांना हो म्हणायला लावणं हे माझ्या आवाक्यातलं काम नाही.

बॅटरी घ्यायची का हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. नका घेऊ. लाईट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, बाहेर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. हे ऐकून लोक नाराज होतात आणि हायब्रिड, म्हणजे बॅटरीसकटचं सोलर, मागतात, मग खर्च पाऊण-एक लाखाने वाढतो आणि वसुलीचं गणित कोसळतं. घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी आहे ना, दोन पंखे आणि टीव्हीला तो पुरे आहे, तो तसाच राहू द्या.

सावली बघा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा वाढवलेला मजला. सगळे पॅनेल एकाच माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तर बाकीच्यांचंही उत्पादन ओढलं जातं. सूर्य डिसेंबरमध्ये दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांब जातात, म्हणून मे महिन्यात मोकळी वाटलेली जागा डिसेंबरात टाकीच्या सावलीत जाऊ शकते. टाकी दक्षिण बाजूला असेल तर ती आधी उत्तरेला हलवा, प्लंबरचे दोन-तीन हजार जातील, ते धरूनच चाला.

धुण्याचंही सांगतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर ते पॅनेलवर वाळलं की पांढरे डाग बसतात आणि निघता निघत नाहीत, नळाचं पाणी वापरा. सकाळी लवकर, दुपारी तापलेल्या काचेवर कधीच नाही. पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याने फुकट द्यायची असते, योजनेतच तसं आहे, करारात लिहून घ्या. इन्व्हर्टर मात्र पॅनेलइतका टिकत नाही, दहा-बारा वर्षांनी एकदा बदलावा लागेल, तेव्हाचे पंचवीस-तीस हजार आत्ताच हिशोबात धरून ठेवा, तरीही सौदा फायद्याचाच राहतो.

आता एक काम उद्याच करा. बिलावर नाव कोणाचं आहे ते बघा. मी बघतो त्यातली कितीतरी कामं इथेच अडकतात, मीटर आजोबांच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर, आधार आणि बँक खातं मुलाच्या नावावर, आणि योजनेच्या पोर्टलवर अर्ज केला की नाव जुळत नाही. बिलावरचं नाव, अर्जदार आणि सबसिडीचं खातं एकाच माणसाचं पाहिजे. नाव बदलायचं असेल तर वारसाची कागदपत्रं जोडून महावितरणकडे आधी तो अर्ज टाका, थकबाकी असेल तर तीही भरून टाका, आणि ते झाल्याशिवाय कोणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका. मंजूर भार १ किलोवॅट असला तरी काळजी नको, १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही आणि भार वाढवून मिळतो. नेट मीटर या योजनेत महावितरण स्वतःच्या खर्चाने देतं, त्याचे वेगळे पैसे कोटेशनमध्ये लावले असतील तर ते आधी काढायला सांगा. नाव जुळलं की दोघांनाही २ किलोवॅटचं नवीन कोटेशन मागा, पॅनेलची संख्या आणि वॅट लिहून, आणि सोबत गच्चीचे चारही बाजूंचे फोटो इथे टाका, टाकी कुठे आहे ते दिसेल असे.